इंग्रजी हाही मराठी विभागाचा विषय आहे

२०२५ च्या एप्रिल ते जून ह्या काळात महाराष्ट्र भाषेवरून पेटला होता. १६ एप्रिलला शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, १७ जूनला त्याच निर्णयात ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घालून तो मऊ केला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सक्तीच्या विरोधात आम्हीही होतो आणि त्याबद्दल आम्हांला पश्चात्ताप नाही. पण धुरळा खाली बसल्यावर एक गोष्ट आम्हांला सलू लागली. तीन महिन्यांच्या ह्या भांडणात कोणती भाषा, कितवीपासून आणि कोणाच्या दबावाने, हे प्रश्न शेकडो वेळा विचारले गेले. ती भाषा शिकवणार कोण, आणि त्याने ते शिकवणे कोठे शिकलेले असेल, हा प्रश्न जवळजवळ कोणीही विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. आणि आम्ही तर भाषेचे अधिव्याख्याते!

आम्ही म्हणजे पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या पट्ट्यातील वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे काही जण. सगळे एम.ए. मराठी, सगळे चाळिशीतले. काही कायम, काही अजून तासिका तत्त्वावर. आमच्या एका बाजूस देहू आहे, दुसऱ्या बाजूस आळंदी, आणि मधल्या रस्त्यावरून दिवसातून तीन वेळा कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. आमचे निम्मे विद्यार्थी त्या बसमधून उतरून वर्गात येतात किंवा वर्गातून उठून त्या बसमध्ये चढतात. आमचे म्हणणे त्यांच्यामुळे सुचलेले आहे.

असा एक विद्यार्थी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, रात्रपाळीला चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर. यंत्राशेजारी लावलेल्या सूचनापत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन तो आमच्याकडे आला. मजकूर इंग्रजीत होता, पाच-सहा ओळींचा. त्याने तो अडखळत, पण जवळजवळ अचूक वाचून दाखवला आणि म्हणाला, “सर, वाचता येतं. कळत नाही.” आम्ही त्याला अर्थ सांगितला. मग सहज म्हणून मराठीतल्या वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचायला दिला. तोही त्याने वाचला, इंग्रजीपेक्षा पुष्कळ वेगाने. परिच्छेदात काय सांगितले आहे, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की ह्या मुलाचा प्रश्न इंग्रजीचा नव्हता, किंवा केवळ इंग्रजीचा नव्हता. बारा वर्षे शाळेत काढूनही ‘वाचणे’ म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. आता त्याला ते कसे शिकवायचे, हे आम्हांला येत नव्हते. आमच्यापैकी काहींनी नेट काढली आहे, काहींनी सेट; दोघांनी पीएच.डी. केली आहे. कादंबरीच्या आशयसूत्रांवर आम्ही तासभर बोलू शकतो. अठरा वर्षांच्या मुलाला परिच्छेद वाचून समजावा ह्यासाठी सोमवारी वर्गात काय करायचे, हे आमच्या कोणत्याही पदवीने आम्हांला सांगितले नाही.

हा एकट्यादुकट्याचा अनुभव असता तर आम्ही गप्प बसलो असतो. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांना स्वतःच्या शालेय भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता आणि सुमारे २५ मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्ये. लोक हे दोन आकडे दोन वेगळ्या रोगांची लक्षणे असल्यासारखे वाचतात. मराठीचे अभिमानी पहिल्यावर हळहळतात, इंग्रजीचे भक्त दुसऱ्यावर. आमच्या मते रोग एकच आहे. वाचनशिक्षण आणि दुसऱ्या भाषेचे अध्यापन ही स्वतंत्र शास्त्रे आहेत हेच आपण मान्य केलेले नाही.

आता थोडे मागे जाऊ. जून २००० मध्ये महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्यापूर्वी ती पाचवीपासून होती. हा निर्णय घेणारे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आमच्याच भागातले. खेड लोकसभा मतदारसंघाचे एके काळचे खासदार. चिंचवडच्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. त्या निर्णयावर तेव्हा मराठीच्या प्राध्यापकांनी जी टीका केली तिच्यात आम्ही आमचा सूर मिसळणार नाही. जे इंग्रजी पैसेवाल्यांच्या मुलांना तिसऱ्या वर्षी मिळते ते कामगाराच्या आणि शेतकऱ्याच्या मुलाला अकराव्या वर्षापर्यंत का मिळू नये, हा त्यामागचा प्रश्न रास्त होता. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, तो ह्याच पोटतिडकीने. पण सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणापुरती ठेवतो. २००० साली हजारो शिक्षकांच्या हाती पहिलीचे इंग्रजी पुस्तक आले. त्यांना थोड्या दिवसांची प्रशिक्षणे मिळाली. ज्यांनी स्वतः इंग्रजी भाषांतराच्या मार्गाने, पाठांतर करून, पस्तीस गुणांसाठी शिकली होती, त्यांनी ती सहा वर्षांच्या मुलाला बोलती करून द्यायची होती. त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. त्यांना घडवणारे शास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवले जात होते, हे विचारणे अवघड आहे, कारण तो बाण आपल्याच अंगणात येऊन पडतो.

एम.ए. मराठी घ्या. मध्ययुगीन वाङ्मय, आधुनिक वाङ्मय, साहित्यविचार, समीक्षा, एखादा भाषाविज्ञानाचा पेपर. त्या पेपरातून विद्यार्थ्याला स्वनिमाची व्याख्या देता येते. पण ‘चाक’ हा शब्द बिहारहून आलेली मुलगी ‘चहा’तल्या ‘च’ने का वाचते, आणि ती चूक आहे की तिच्या भाषेची साक्ष, ह्याचे उत्तर देता येत नाही. एम.ए. इंग्रजी घ्या. चॉसरपासून एलियटपर्यंतचा प्रवास, नंतर अमेरिकन, नंतर भारतीय इंग्रजी. भाषा-अध्यापनाचा पेपर अनेक ठिकाणी ऐच्छिक, आणि तो घेणारा थोडा कमी प्रतीचा, अशी स्टाफरूममधली समजूत. ह्या दोन्ही पदव्या घेतलेली मुले पुढे कोठे जातात? बहुतेक जण बी.एड. करून शाळेत भाषा शिकवायला जातात. म्हणजे ज्या कामासाठी आपण त्यांना पाठवतो त्या कामाचा एकही पाया आपल्या दोन वर्षांत नसतो. बी.एड.मधील अध्यापन-पद्धतीचे पाठ ही उणीव भरून काढतील, असे मानणे म्हणजे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीरशास्त्र वगळून थेट इंजेक्शन द्यायला शिकवणे होय.

हे ज्ञानच कोठे नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट ह्यांनी बंगालमधील द्विभाषिकतेवरचा आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. त्यांचा एक प्रश्न आजही चाकणच्या प्रत्येक शाळेच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तर ग्राहकाच्या हाती काही रक्कम येते. मग शाळा मध्येच सुटली तर मुलाच्या हाती भाषेचे काय उरते? १९५८ मध्ये हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली; आज ते इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ आहे. एन. एस. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात दक्षिणेतील साध्या शाळांत ‘बंगळूर प्रकल्प’ चालवला आणि व्याकरणाच्या नियमांऐवजी वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे अशा कामांतून मुले भाषा कशी उचलतात हे दाखवले. तो प्रकल्प जगभरच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. बंगळूर आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. पण आमच्या विद्यापीठांतून तो प्रकल्प आमच्या वर्गांपर्यंत आला नाही.

आणि मराठीतही हे काम झाले आहे. मॅक्सीन बर्नसन ह्या मूळच्या अमेरिकन विदुषी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. करून तेथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, आणि त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. वर्णमाला आणि बाराखडी संपेपर्यंत मुलाला अर्थाची वाट पाहायला लावायची नाही. मोजकी अक्षरे आणि मात्रा हाती येताच त्यांतून शब्द आणि वाक्ये करायची, मुलाच्या स्वतःच्या बोलण्याला लिहिण्यात जागा द्यायची, ही दृष्टी त्यांनी साध्या घरांतल्या मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करून रुजवली. पुढे आजच्या पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड वाचनाचा तीन वर्षांचा अभ्यास झाला. वर्गातला वेळ अक्षरे गिरवण्यात आणि नकलण्यात जातो आणि अर्थापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मुलांना कोणी दाखवत नाही, हे त्यातून पुढे आले. आमच्या त्या हेल्पर विद्यार्थ्याने चार शब्दांत सांगितले ते हेच. मराठीच्या किती विभागांत हे काम शिकवले जाते? बर्नसनबाईंचे नाव आमच्यापैकी काहींनी नोकरीला लागल्यावर पंधरा वर्षांनी ऐकले. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. इंग्रजी शिकवणे हे इंग्रजीच्या लोकांचे काम आणि मराठी वाचवणे हे मराठीच्या लोकांचे, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे तीच चुकीची आहे. एक वाक्य घ्या. विद्यार्थी लिहितो, ‘माय फादर इज वर्किंग इन कंपनी सिन्स टेन इयर्स.’ इंग्रजीचे सर त्यावर लाल रेघ मारतात. ती रेघ काय शिकवते? काहीच नाही. ‘वडील दहा वर्षांपासून कंपनीत काम करत आहेत’ हे मराठी वाक्य ज्याला दिसते त्यालाच चुकीचे मूळ दिसते. मराठीत ‘पासून’ आणि चालू वर्तमानकाळ एकत्र नांदतात, इंग्रजीत नांदत नाहीत. मराठीत नामाआधी ‘द’ किंवा ‘अ’ लागत नाही. ‘कंपनी’ हा शब्द आमच्याकडे कारखाना ह्या अर्थाने नांदतो. एका वाक्यातल्या चुका मराठीच्या अंगाने तीन धडे होतात. लिपीचेही तसेच. देवनागरीत ‘पुट’ आणि ‘बट’ ह्यांतले स्वर डोळ्यांना वेगळे दिसतात. रोमन लिपीत दोन्ही ठिकाणी एकच अक्षर येते. देवनागरीवर विश्वास ठेवायला शिकलेले मूल तोच विश्वास रोमन अक्षरांवर ठेवते आणि फसते. त्याला ते ‘ढ’ आहे म्हणून फसत नाही. हे त्याला कोण समजावणार? ज्याला मराठी लिपीची घडण माहीत आहे तोच. कॅनडातील जिम कमिन्स ह्यांनी १९७९ पासून मांडलेला विचारही हाच सांगतो की, पहिल्या भाषेतले वाचनाचे बळ दुसऱ्या भाषेत उतरते. ते बळ नसेल तर उतरणार काय?

आमच्या भागात तर ‘पहिली भाषा’ म्हणजे मराठी हेसुद्धा गृहीत धरता येत नाही. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६० च्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, पुढे चाकण भरले, आणि प्रत्येक लाटेबरोबर नव्या बोली आल्या. आज एका वर्गात अहिराणी आहे, गोरमाटी आहे, भोजपुरी आहे, कन्नड आहे, वडारी आहे. ह्या मुलांसाठी शाळेतील प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे, आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. आम्हांला आनंद झाला. पण ज्याच्या घरात मराठी नाही त्याला मराठी ‘दुसरी भाषा’ म्हणून कशी शिकवायची, ह्याचे शास्त्र कोणत्या मराठी विभागाने उभे केले? कायद्याने तास मिळतो. त्या तासात काय करायचे हे कायदा सांगत नाही.

म्हणून आमची मागणी अशी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, आणि रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठानेही, साक्षरता आणि द्वितीय भाषा-अध्यापन ह्या विषयाचा दोन वर्षांचा एम.ए. सुरू करावा. तो मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून, दोन्ही भाषांतून चालवावा. वाचनाचे मानसशास्त्र, देवनागरी आणि रोमन लिप्यांची घडण, मराठी-इंग्रजीचे तौलनिक व्याकरण, बहुभाषिक वर्ग, बालसाहित्य, पाठ्यसामग्री तयार करणे आणि मूल्यमापन हे त्याचे विषय असावेत. चारपैकी एक संपूर्ण सत्र विद्यार्थ्याने शाळेत काढावे. भोसरीतील, तळवड्यातील, चाकणच्या वाड्यावस्त्यांवरील शाळेत. सेवेतील शिक्षकांना आणि अंगणवाडीसेविकांना त्यात वाट असावी. आणि शासनाने भाषाशिक्षकाच्या नेमणुकीत ह्या पदवीला मान द्यावा; नाहीतर तीही आमच्या पदव्यांसारखी भिंतीवर टांगण्याच्या कामाची ठरेल.

ह्यावर काही आक्षेप येतील. पहिला आमच्याच लोकांचा. विद्यापीठ म्हणजे काही अध्यापक विद्यालय नव्हे, एम.ए. वाङ्मयाचे असावे, पाटी-पेन्सिलीचे नव्हे. ह्या आक्षेपामागे जातीचा आणि वर्गाचा एक जुना वास आहे, तो आम्हांला झोंबतो. मोठ्यांना काव्यशास्त्र शिकवणारा थोर आणि मुलांना अक्षर शिकवणारा हलका, ही उतरंड आपण कोठून आणली? वाङ्मयावर आमचेही प्रेम आहे, नाहीतर ह्या पगारात आणि ह्या मानधनात आम्ही येथे राहिलो नसतो. पण परिच्छेद न कळणाऱ्या मुलापुढे नामदेव ढसाळांची कविता ठेवून आपण त्या कवितेचा आणि त्या मुलाचा, दोघांचाही अपमान करतो. वाचकच घडवायचा नसेल तर आपण शिकवतो ते साहित्य वाचणार कोण?

दुसरा आक्षेप इंग्रजीच्या बाजूचा. मराठीची लुडबूड कशाला? इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. मुलांना इंग्रजी माध्यमात घातले की प्रश्न मिटतो. आमच्या भागात हा प्रयोग गल्लोगल्ली चालू आहे. पत्र्याच्या शेडमधल्या शाळांवर इंग्रजी नावाच्या पाट्या आहेत आणि आत इंग्रजीतले प्रश्न, इंग्रजीतली उत्तरे, सारे फळ्यावरून वहीत उतरवणे चालते. पालक पोटाला चिमटा काढून शुल्क भरतात. त्यांना हसणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमच्यापैकी काहींची मुलेही इंग्रजी माध्यमात आहेत. पण माध्यम बदलल्याने शिकवणे बदलत नाही. ‘वाचता येतं, कळत नाही’ हे वाक्य त्या शाळांत आणखी लहान वयात ऐकू येते, एवढेच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. एवढे अध्यापक कोठून आणणार? मान्य. म्हणूनच सुरुवात दोन विद्यापीठांपासून करा म्हणतो. आणि जागा कोठून काढायची, तेही सांगतो. आमच्या अभ्यासक्रमातील दोन पेपर कमी करा. कोणते, हे ठरवताना भांडण होईल. ते भांडण आम्हांला हवे आहे. मराठी विभागांत प्रवेश घटत आहेत, वर्ग बंद पडत आहेत, आणि आपण दरवर्षी मराठीच्या भवितव्यावर एक परिसंवाद घेऊन घरी जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. ज्या मुलाला त्या बातमीचा परिच्छेद वाचून कळत नाही, त्याच्यापर्यंत ते पेढे पोहोचलेले नाहीत.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. शनिवारी दुपारी, पाळी सुटल्यावर येतील त्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही मराठी आणि इंग्रजीचे दोघेतिघे मिळून बसतो आहोत. सूचनापत्रे, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, बातम्या, एखादी गोष्ट, असे दोन्ही भाषांतले मजकूर वाचतो आहोत. त्याला आम्ही प्रयोग म्हणत नाही. आम्ही चुकतमाकत शिकवणे शिकतो आहोत, आणि पन्नाशीकडे झुकताना हे करावे लागावे ह्याची आम्हांला लाज वाटते. आमच्या नंतरच्या पिढीला ते पंचविसाव्या वर्षी, रीतसर आणि सन्मानाने शिकता यावे, एवढेच आमचे मागणे आहे. उद्या शासनाने पुन्हा एखादी भाषा पहिलीत आणली किंवा काढली, तर आम्ही पुन्हा रस्त्यावर येऊच. पण त्या वेळी ‘शिकवणार कोण’ असे विचारायला आम्ही मंत्रालयाच्या दारात जाण्यापूर्वी, तो प्रश्न आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत विचारून झालेला असला पाहिजे.